पाड्यानं दारू सोडली तेव्हा

वकिलीची सनद घेऊन मी ज्या गावात उतरलो ते सुरत-भुसावळ लाइनवरचं, नंदुरबार आणि नवापूरच्या पट्ट्यातलं तालुक्याचं छोटं गाव होतं. नाव सांगत नाही, कारण तिथे माझी अजून सोयरीक आहे आणि तिथली माणसं गोष्टी मनाला लावून घेतात. साल पंचावन्नच्या आसपासचं. मुंबई राज्यात दारूबंदी होती, आणि ती आमच्या गावाइतकी दुसऱ्या कुठल्या गावाला मानवली असेल असं मला वाटत नाही. बंदी आली आणि गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ज्या वयस्क वकिलांच्या हाताखाली मी लागलो त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, दिवाणी करणार की फौजदारी. मी ऐटीत सांगितलं, दिवाणी. ते पान लावता लावता म्हणाले की दिवाणी दावा लावायला माणसाकडे काहीतरी असावं लागतं. इथे ज्यांच्याकडे आहे ते आपसात मिटवतात, आणि बाकीच्यांकडे फक्त मोहाची झाडं आहेत. तेव्हा आपलं पोट मोहावर आहे, हे एकदा ध्यानात घे आणि कामाला लाग.

हे मला वाक्य म्हणून आवडलं, पण त्याचा अर्थ कळायला दोनेक महिने गेले. गावाला लागून नदी, आणि नदीपलीकडे भिल्लांचा पाडा. पाड्यावरच्या बाया हातभट्टी लावत. मोलगीकडच्या बाजारातून मोहाची फुलं बैलगाडीनं खाली येत. फुलं कमी पडली की काळा गूळ लागे, तो गावातल्या गुळाच्या व्यापाऱ्याकडे मिळे. हा गूळ माणसानं खाण्याजोगा नव्हता आणि गुरं त्याला तोंड लावत नसत, तरी वखारीत तो छतापर्यंत रचलेला असे. सायकलवाल्याच्या दुकानात सायकली चार आणि ट्यूबा भिंतभर. दारू त्या ट्यूबांत भरून, कमरेला गुंडाळून, वरून लुगडं नेसून बाया सुरतेच्या गाडीत बसत. तिकीट तपासनीस पोट सुटलेल्या बाईला अदबीनं जागा करून देई. कुंभार मडकी घडवी, पोलीस जमादार ती फोडी, कुंभार पुन्हा घडवी. जमादार बायांना पकडे, आम्ही त्यांना सोडवत असू, कोर्ट दंड करी, आणि दंड भरायचा म्हणून बाया घरी जाऊन जास्त मोठी भट्टी लावत. इतकं सुरळीत चाललेलं सरकारी काम मी पुढे कुठल्याच खात्यात पाहिलं नाही.

आणि हे सगळं ज्यांच्या देखरेखीखाली चाले त्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते आमचे गुळाचे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठ स्वतः दारूला शिवत नसत, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत. दर वर्षी ऑक्टोबरात दारूबंदी सप्ताह निघे. पुढे बँड, मग शाळेची मुलं, मग खादीची टोपी घातलेले शेठ. बँडवाले भल्या सकाळपासून इतके रंगात असत की मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी वळायची तिथे बँड सरळ निघून जाई आणि मिरवणुकीला त्याच्या मागे धावावं लागे. मग चौकात शेठचं भाषण होई. दारूमुळे गोरगरिबांचे संसार कसे धुळीला मिळतात हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच दाटून येई. माझी बायको साताऱ्याकडची, नवीनच आलेली. तिनं मला हळूच विचारलं, हे अध्यक्ष तेच ना, ज्यांच्या वखारीवरून जाताना नाकाला पदर लावावा लागतो?

कोर्टात दारूचे खटले मंगळवारी असत. सकाळपासून बाया लिंबाखाली येऊन बसत, कडेवर पोरं, फडक्यात भाकरी. जमादार स्वतः त्यांना वकील वाटून देई. कुठल्याच वकिलावर अन्याय होऊ नये याची त्याला काळजी असे. माझ्या वाट्याला पहिलीच अशील आली ती पाड्यावरची सगळ्यांत नावाजलेली भट्टीवाली. चाळिशीची, उंच, हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. पाड्यावर तिला सगळे ‘मोठी’ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. तिची दारू कापसाच्या बोळ्यावर ओतून काडी लावली तर निळी ज्योत येते, अशी ख्याती होती. ही ख्याती मला सांगणारा माणूस सरकारी नोकर होता.

मी रात्र जागून कायदा वाचला होता. बचावाचे मुद्दे काढले होते. मी तिला समजावून सांगू लागलो की पंचनाम्यात एक मोठी चूक आहे, आपण तारीख मागू, साक्षीदार तपासू. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वकील, येळ नको लावू. घर जाईसन भट्टी पेटाडनी शे.”

गुन्हा कबूल, दंड, आणि ती दुपारच्या आत नदीपार. माझे मुद्दे माझ्याकडेच राहिले. ती सगळ्यांना तू म्हणे. मला, जमादाराला, मॅजिस्ट्रेटलाही. मॅजिस्ट्रेट साहेबांना ते खटकत नसावं, कारण त्यांचं लक्ष घड्याळाकडे असे. ते दुपारच्या गाडीनं बिऱ्हाडी जात, आणि कबुली दिली की गाडी हमखास मिळे.

अशी तीन-चार वर्षं गेली. माझं बस्तान बसलं. मी भाड्याच्या खोलीतून माडीवर गेलो, घरात रेडिओ आला. मोठी दर दोन-तीन महिन्यांनी येई, कबूल करून जाई. येताना कधी चारोळ्या, कधी आवळे आणी. माझी मुलगी झाली तेव्हा तिनं बायकोला शेकायला निरगुडीचा पाला आणून दिला आणि कसा शेकायचा ते दाखवलं. बायकोचं तिच्याशी चांगलं जमे. बायकोला अहिराणी येत नव्हती आणि मोठीला सातारी, पण दोघी तासभर बोलत बसत.

मोठीला एक धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेल्यानं तिनंच त्याला वाढवलेला. तो जंगलात सागाच्या तोडीवर जाई आणि पावसाळ्याआधी परत येई. त्या वर्षी तो परतला तो पाड्यावर न जाता आधी स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबला. तोडीवरचे सोबती होते, हातात मजुरी होती. तिथे दारू मिळे. ती दारू पाड्यावरचीच, पण पाड्यावरून निघून शेडपर्यंत पोचेस्तोवर तिच्यात पुष्कळ बदल होई. आधी तिच्यात पाणी घालून ती वाढवत. मग ती मिळमिळीत लागू नये म्हणून लाकडाला पॉलिश करायचं स्पिरिट मिसळत. हे स्पिरिट शेठच्या दुकानात मिळे. पॉलिश करण्याजोगं लाकूड गावात कोर्टातल्या खुर्चीखेरीज नव्हतं, पण स्पिरिटचा खप मात्र चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाड्यावर आला तो चाचपडत. बहिणीला म्हणाला, अजून उजाडलं नाही का? ऊन अंगणात आलेलं होतं. पोट धरून तो दोन दिवस तळमळला. बाजेवर घालून त्याला सरकारी दवाखान्यात आणलं, तिथेच तो गेला. पोटाचा विकार असं मरणाचं कारण लिहिलं गेलं. शेडमध्ये प्यालेले त्याचे सोबतीही कुणी आंधळे झाले, कुणी गेले. पण ते वेगवेगळ्या पाड्यांवर जाऊन मेले, त्यामुळे गावाला त्याचा विशेष त्रास झाला नाही.

मी पाड्यावर गेलो होतो. गावातून आणखी कुणी आलं नव्हतं. मोठी झोपडीबाहेर बसली होती, रडत नव्हती. मी काहीतरी सांत्वनाचं बोललो असेन. ती भट्टीच्या जागेकडे बघत होती. म्हणाली, “मन्हाच हातनी व्हती ती.”

दहाव्याचं वगैरे आटोपल्यावर तिनं तिची मडकी नदीकाठच्या खडकावर नेऊन फोडली. जमादार फोडायचा तसं एखादं दाखवायला फोडून बाकीची ठेवणं नव्हे, सगळी. मग ती घरोघर गेली. ती काय बोलली ते मला नंतर तिच्या धाकट्या जावेनं सांगितलं. फार काही बोलली नाही म्हणे. प्रत्येक घरात त्या शेडमधल्या दारूविषयी विचारी, की ती कुणाच्या भट्टीची होती ते तुला सांगता येईल का? कुणालाच सांगता येत नव्हतं. जिला तिला भीती बसली की आपली असेल. बाया देवीच्या दगडापाशी जमल्या आणि भट्टी लावायची नाही, घरात कुणाला पिऊ द्यायची नाही अशी आण घेतली. पुरुषांनी थोडी कुरकुर केली. पण भट्टी बायांची, सरपण बायांनी आणलेलं, पाणी बायांनी वाहिलेलं. पुरुषांकडे त्यात फक्त पिण्याचं खातं होतं.

आम्हाला हे कळलं ते मंगळवारी. लिंबाखाली कुणी नव्हतं. आम्ही सगळे वकील काळे कोट घालून व्हरांड्यात उभे. माझे वयस्क वकील म्हणाले, सण असेल. पुढच्या मंगळवारीही सणच होता. तिसऱ्या मंगळवारी मॅजिस्ट्रेट साहेबांनी मलाच विचारलं, तुमच्या पक्षकार आजारी आहेत का?

मग गावात जे सुरू झालं तसं मी प्लेगच्या गोष्टींतही ऐकलं नव्हतं. वखारीतला गूळ पाघळून रस्त्यावर आला आणि त्यावर माशांचं मोहोळ बसलं. सायकलवाला ट्यूबांकडे बघत बसून राही. शेवटी त्यानं एक सायकल दुरुस्त केली, आणि ती त्याची स्वतःचीच होती. बाजाराच्या दिवशी बाया येत, पण मीठ-मिरची तेवढी घेऊन जात. कापडवाला म्हणाला की ह्या बाया आता किंमत विचारतात. जमादाराची गत सगळ्यांत वाईट. वरून विचारणा झाली की गुन्हे एकाएकी कमी कसे झाले, तुम्ही झोपा काढता काय? गुन्हे कमी होण्यासाठीच आपल्याला नेमलं आहे, हे उत्तर त्याला सुचलं असतं तरी देता आलं नसतं. त्यातच बातमी उठली की काम नाही म्हणून कोर्टच इथून हलवणार. ती ऐकून कोर्टासमोरच्या चहावाल्यानं उपास धरला.

शेठनी दारूबंदी समितीची तातडीची सभा बोलावली. मी समितीचा चिटणीस होतो. तरुण वकिलाला ते पद आपोआपच मिळे. जिच्यासाठी समिती जन्माला आली ती गोष्ट घडली होती, आणि समितीवर सुतकी कळा पसरली होती. कुणालाच उघड काही बोलता येईना. शेवटी शेठ म्हणाले की कुठलीही गोष्ट एकदम करू नये. दारूसुद्धा एकदम सोडली तर प्रकृतीला अपाय होतो, असं डॉक्टर मंडळी सांगतात. शिवाय ह्या लोकांच्या रोजगाराचा प्रश्न आहे. आपण त्यांच्या भल्याचा विचार करायला नको का? समितीतल्या डॉक्टरांनी मान डोलावली. दारू औषध म्हणून लागते अशी परमिटाची प्रमाणपत्रं देऊन देऊन त्यांची मान त्या कामाला सरावलेली होती. शिष्टमंडळ पाड्यावर न्यायचं ठरलं. ठरावात मी ‘अभिनंदनासाठी’ असं लिहिलं.

आम्ही दोन दमण्यांना बैल जुंपून गेलो. पाड्यावर आमच्यासाठी बाजा टाकल्या, पाणी दिलं. मोठी खाली बसली, बाकीच्या बाया तिच्यामागे. शेठनी आधी अभिनंदन केलं. मग पोरांची चौकशी केली. मग हळूच मुद्द्यावर आले. ते म्हणाले की दारू पिणं वाईटच, पण तुमच्या देवाला तर दारूची धार लागते. पिकाला लागते, लग्नाला लागते, जन्माला लागते. बापजाद्यांचा धर्म असा एकाएकी सोडला तर देव कोपेल. आम्ही परधर्माचे, पण तुमच्या देवाची आम्हाला काळजी वाटते.

मोठीनं विचारलं, “शेठ, तू पेस का?”

शेठनी दोन्ही कानांना हात लावले.

“मंग तुन्हा देव उपाशी शे का?”

बायांमध्ये कुणीतरी पदरात हसलं. शेठ पाणी प्याले. मोठीनं त्यांना सांगितलं की देवीला आता मोहाची कोरडी फुलं वाहतो, आणि देवीनं अजून तक्रार केलेली नाही. मग ती उठून शेळीला पाला घालायला गेली. परतीच्या वाटेवर जमादार, जो साध्या वेषात आमच्याबरोबर आला होता, तो म्हणाला की समजुतीनं झालं असतं तर बरं होतं.

बायांनी पोटासाठी दुसरी वाट काढली होती. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांकडे ऊस, कापूस, केळी. तिथे हातांना कायम काम. पाड्यावरची अर्धी माणसं तिकडे गेली, मोठीही गेली. तिथेच झोपड्या घालून राहत आणि कधीतरी बाजाराला, घर बघायला येत. अशीच ती एका बाजाराला आली आणि जमादारानं तिला आणि तिच्या जावेला धरलं. आरोप असा की मागच्या गुरुवारी नदीकाठी त्या भट्टी लावताना रंगेहात सापडल्या आणि पळून गेल्या. मुद्देमाल म्हणून मडकी होती. कुंभाराकडे बरेच दिवस पडून असलेली मडकी एकदाची खपली, एवढंच त्यातलं खरं.

मी कोठडीत भेटायला गेलो. मला खरं तर ओशाळल्यासारखं झालं होतं, पण सवयीनं मी म्हटलं की कबूल करून टाकलं तर लगेच सुटशील. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्याशी प्रथमच बोलत होतो.

“वकील, करेल व्हतं तवय कबूल करं. आते मी करेल नई शे. मंग कबूल कसाले करू?”

इतक्या वर्षांच्या वकिलीत निरपराध अशील मला पहिल्यांदाच मिळत होती. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग आता वकिली करावी लागेल. ती हे थट्टेनं म्हणाली नव्हती.

मंगळवारी मॅजिस्ट्रेट साहेबांनी सवयीनं कबुलीचा कागद पुढे ओढला, आणि मी सांगितलं की गुन्हा नाकबूल. कारकुनानं मला तीनदा विचारलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू पंगतीत वाढणं चालू असताना मी ताट उलटं घातलं होतं. साहेबांची गाडी त्या दिवशी चुकली.

सरकारतर्फे मुख्य साक्षीदार म्हणजे पंच. हा गृहस्थ जमादाराच्या प्रत्येक पंचनाम्यात असे. ‘मी सहज त्या बाजूने जात असता’ इथपासून त्याची साक्ष सुरू होई आणि ‘सही माझीच आहे’ इथे संपे. मधला मजकूर कुणी बदलत नसे. मी त्याला एवढंच विचारलं की तुम्ही राहता गावाच्या ह्या टोकाला, धंदा विड्यांचा, तर दर वेळी नदीपार सहज कसे जाता?

तो म्हणाला, प्रकृतीसाठी. डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय.

मी विचारलं, पोलीस निघतात त्याच दिवशी फिरायला सांगितलंय का? सगळं कोर्ट हसलं, चपराशीसुद्धा. साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण ओठ त्यांचेही हलले होते. मग मी त्याला कठड्यात उभ्या असलेल्या दोघींपैकी भट्टीपाशी कोण होती ते दाखवायला सांगितलं. त्यानं दोघींकडे पाहिलं, मग जमादाराकडे पाहिलं, आणि जमादार नेमका खिडकीबाहेर बघत होता.

पण खटला त्यावर सुटला नसता. पंचाची साक्ष खोटी असते हे सगळ्यांना माहीतच होतं, तेवढ्यानं कुणाचं मन हलत नसे. खटला सुटला तो तापीकाठच्या शेतकऱ्यामुळे. हा गुजर पाटील म्हणजे मोठी असामी, पांढरं धोतर, स्वतःच्या जीपनं आला. त्यानं शपथेवर सांगितलं की त्या गुरुवारी ह्या दोघी दिवसभर त्याच्या मळ्यात केळीचे घड उतरवत होत्या आणि त्यानं त्यांना डोळ्यांनी पाहिलं. पाटलाची साक्ष म्हटल्यावर साहेब खुर्चीत सरळ बसले. बाहेर आल्यावर मी पाटलाचे आभार मानले, सत्यासाठी तुम्ही एवढ्या लांबून आलात वगैरे. तो म्हणाला, “घड पिकी ऱ्हायनात, वकील साहेब. मजूर कोठडीमा बठाडा तर उतारी कोन?” शिवाय ह्या बाया पीत नाहीत, त्यांचे नवरे पीत नाहीत, सोमवारी सगळे कामावर असतात; असे मजूर त्याला जन्मात मिळाले नव्हते. सत्याला त्या दिवशी केळीच्या हंगामानं आधार दिला.

दोघी निर्दोष सुटल्या. साहेबांनी निकालपत्र लिहायला आठवडा घेतला. दारूच्या खटल्यात सुटकेचा निकाल कसा लिहितात, हे त्यांना जुन्या कागदांत शोधूनही सापडेना असं कारकुनानं मला सांगितलं. मोठीनं निकाल ऐकला, मला विचारलं की आता जायचं का, आणि गेली. त्या रात्री बायकोनं पुरण घातलं. मी म्हटलं, अशील तर आभारही न मानता गेली. ती म्हणाली, न केलेल्या गुन्ह्यातून सुटल्याचे आभार कुणाचे मानायचे?

त्यानंतर जमादारानं माझ्याकडे अशील पाठवणं बंद केलं. समितीच्या चिटणीसपदावरून मी सन्मानानं निवृत्त झालो. व्हरांड्यात वकील मंडळी माझ्यासाठी बाकावर जागा करीत नसत. मी सक्तीनं दिवाणीकडे वळलो आणि चार वर्षं आमच्या रेडिओला बॅटरी नव्हती. गावानं मात्र सोय लावून घेतली. पाडा गाळत नाही म्हटल्यावर गावालाच गाळावं लागलं. वखारीमागच्या गोठ्यात गुरं नव्हती, तिथे धूर दिसू लागला. जमादार तिकडे कधी फिरकला नाही. दारूबंदी समितीच्या अध्यक्षांच्या गोठ्यावर धाड घालायला कुठल्या कायद्याचं कलम लावणार? खटले आता दूरच्या पाड्यांवरून आणले जात, लिंब पुन्हा भरला, कोर्ट हललं नाही.

साठ साली दोन राज्यं झाली. सीमा आमच्यापासून जवळ आली. पुढे काही वर्षांनी आपल्या बाजूला बंदी सैल झाली, पलीकडे तशीच राहिली, आणि गावाला कळलं की देशाच्या नकाशावर आपण नेमके कुठे आहोत. परवाने निघाले. दारूबंदी समिती कुणी विसर्जित केली नाही. तिची बैठकच पुन्हा झाली नाही. शेठच्या थोरल्या मुलाला परवाना मिळाला. दुकान पाड्याच्या वाटेवर, नदीच्या उताराला काढलं. सत्यनारायण घातला, प्रसाद वाटला. सप्ताहातल्या मिरवणुकीचाच बँड होता, आणि ह्या वेळी तो बरोबर जागी थांबला.

पाड्याची आण तोवर बरीच टिकली होती. एखाददुसरं घर फुटलं होतं, पण भट्टी पुन्हा लागली नव्हती. आता दुकान वाटेतच बसल्यावर तापीकाठची मजुरी घेऊन येणारे पुरुष तिथे अडकू लागले. पूर्वी दारू पाड्यावरून गावात जाई आणि पैसा पाड्यावर येई. आता दोन्हींनी दिशा बदलली. मोठीचे केस तोवर पांढरे झाले होते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, सरकारला लिही की दुकान तिथून काढ. मी अर्ज लिहिला, पाड्यावरच्या सगळ्या बायांचे अंगठे घेतले.

उत्तर लवकर आलं. त्यात म्हटलं होतं की परवानाधारकाचं आणि त्याच्या कुटुंबाचं चारित्र्य निष्कलंक असून त्यांनी दारूबंदीच्या कार्यात मोलाची सेवा केली आहे. उलट मुख्य अर्जदार स्त्रीवर दारूच्या अनेक गुन्ह्यांत दोष सिद्ध झालेला आहे. सबब अर्ज विचारात घेता येत नाही.

हे तिला वाचून दाखवायला माझी जीभ रेटेना. बायकोनं वाचून दाखवलं. मोठीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं की रस्त्यावर बसायला सरकारची मनाई आहे का? मी म्हटलं, नाही.

बाजाराच्या दिवशी ती जाऊन दुकानाच्या दारासमोर बसली. बरोबर तिची जाऊ आणि पाच-सात बाया. घोषणा नाहीत, काही नाही. बसून सुपात मिरच्यांचे देठ खुडत. पाड्यावरचा पुरुष आला की ती मान वर करून बघे आणि नाव घेऊन विचारी, पोरगी बरी आहे का, बैलाच्या खुराचं काय झालं? तो तिथेच घुटमळे आणि परत जाई. शेठच्या मुलानं मागच्या भिंतीला दार पाडलं. दुसऱ्या बाजाराला जाऊ मागच्या दारापाशी बसली. त्यानं पोलिसांत तक्रार केली की धंद्याला अडथळा येतो. नवा जमादार आला, त्यानं मला बोलावून विचारलं की कुठलं कलम लावायचं. मी सांगितलं, मिरच्या खुडण्याचं कलम सापडलं तर मलाही कळवा.

हे वर्ष-दीड वर्ष चाललं. शेवटी शेठच्या मुलानं दुकान उचलून स्टेशनपलीकडे नेलं, तिथे परगावचं गिऱ्हाईकही होतं. पाड्यावरून तिथवर जायचं म्हणजे गाव ओलांडून चांगली पायपीट, आणि बरेच जण तेवढा कंटाळा करत. काही जण करत नसत. मोठी एकदा स्टेशनपर्यंत चालत जाऊन नवी जागा बघून आली. आमच्या ओट्यावर टेकून तिनं पाणी मागितलं आणि बायकोला म्हणाली की आता गुडघे साथ देत नाहीत, तिथे धाकट्या जावेला बसवीन म्हणते.